हाड जुळेल गं, पण ऊन कुठून आणायचं?

अगं, तो रिपोर्ट आधी बाजूला ठेव बघू. दिवसातून किती वेळा उघडून बघतेस! आकडा काही बघून बघून वाढणार नाही. तुझ्या डोक्यात काय चाललंय ते मला कळतंय गं. शेवाळलेल्या पायरीवरून घसरलीस, घोट्याचं हाड मोडलं, पाय प्लास्टरमध्ये, पाऊस थांबायचं नाव घेईना, ऐन भातलावणीचे दिवस, पोरांचे डबे, आणि त्यात डॉक्टर म्हणाले, "तुमचं व्हिटॅमिन डी फार कमी आहे." झालं. तेव्हापासून घरातला प्रत्येकजण वैद्य झालाय. सासूबाई म्हणतात खारीक खा, नणंद म्हणते गोळ्यांनी उष्णता होते, समोरच्या काकू म्हणतात इंजेक्शनच घे, एका झटक्यात काम. आणि तू रात्री टक्क जागी राहून विचार करतेस, जुळेल ना माझं हाड?

जुळेल. तुझ्या शरीराला हे काम येतं, त्याला कुणी शिकवावं लागत नाही. आपण फक्त त्याला लागणारं सामान वेळेवर पोचवायचं आणि मध्ये लुडबुड करायची नाही. त्या सामानात व्हिटॅमिन डी कुठे बसतं, त्याच्याकडून किती अपेक्षा ठेवायची आणि किती नाही, एवढं एकदा नीट समजून घे. निम्मी काळजी तिथेच उतरेल.

पहिली गोष्ट, डी कमी निघालं म्हणून ओशाळून जाऊ नकोस. "मी काय कमी खाते का ताई?" असं तू विचारशील. पण खाण्याचा यात वाटा फार थोडा. हे जीवनसत्त्व मुख्यतः आपल्या कातडीत, उन्हाच्या जोरावर तयार होतं. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या डॉक्टरांचा एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी २५ ते ३५ वयाची १,१३७ धडधाकट माणसं तपासली. त्यातल्या ७० टक्के लोकांची डीची पातळी २० नॅनोग्रॅमच्या, म्हणजे कमतरतेच्या रेषेच्या, खाली निघाली. म्हणजे या वर्गात नापास होणारेच जास्त, तू एकटी नाहीस! इकडे पुण्यात हिराबाई कावसजी जहांगीर वैद्यकीय संशोधन संस्थेत डॉ. अनुराधा खाडिलकर आणि त्यांचे सहकारी मुलांची हाडं, कॅल्शियम आणि डी यांच्यावर वर्षानुवर्षं काम करत आलेत, ते काही उगाच नाही.

आणि ही आजची गोष्टही नाही बरं का. शंभर वर्षांपूर्वी, १९२२ साली, हचिसन आणि शहा या दोन डॉक्टरांनी आपल्या नाशिककडच्या मुडदुसाबद्दल लिहून ठेवलंय. मुडदूस म्हणजे वाढीच्या वयात हाडं मऊ राहून पाय वाकणं. त्यांना दिसलं ते उफराटंच होतं. खाऊनपिऊन सुखी, पण चालीरीतीमुळे पडद्यात राहणाऱ्या घरांत हा आजार भरपूर, आणि साधंसुधं खाऊन दिवसभर उघड्यावर राबणाऱ्या गरिबांत तो जवळजवळ नाहीच. ताटापेक्षा अंगावर पडणारं ऊन जास्त मोलाचं ठरलं, बघ.

आता तू म्हणशील, मी कुठे पडद्यात आहे? नाहीस, पण तुझा दिवस आठव ना. सकाळी स्वयंपाकघर, मग शिलाई मशीन, दुपारी दुकानात दोन तास, संध्याकाळी परत ओट्याशी. ऊन अंगावर पडतं कधी? लावणीला शेतात जातेस खरी, पण तेव्हा वर ढग, डोक्यावर इरलं नाहीतर प्लास्टिकचा कागद, आणि अंगभर कपडे. त्यात आपली कातडी सावळी. ही सावळी कातडी उन्हापासून छान राखण करते, पण डी तयार करायला तिला गोऱ्या कातडीपेक्षा जास्त वेळ ऊन लागतं.

आणि आपल्या मावळाची तऱ्हा तर तुला माहीतच आहे. लोणावळा घाटमाथ्यावर, समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या वर. अरबी समुद्रावरून आलेला ढग आधी इथे अडतो, इथेच रिकामा होतो. वडगाव-तळेगावकडे जावं तसा पाऊस कमी होत जातो, पण लोणावळा-खंडाळ्यात जून ते सप्टेंबर धुक्यातच जातात. कपडे आठ-आठ दिवस ओले राहतात, तिथे हाडांना ऊन कुठून मिळणार? गंमत बघ, आपल्याकडे सूर्य वर्षातून दोनदा अगदी डोक्यावर येतो आणि भर दुपारी सावली पायाखाली नाहीशी होते. पहिल्यांदा मेच्या मध्याला, दुसऱ्यांदा जुलैच्या अखेरीस. दुसरी खेप नेमकी ढगांच्या मागे निघून जाते! सूर्य हक्काचा माथ्यावर, आणि आपण खाली घरात दोरीवरचे ओले कपडे सारखे करतोय. तेव्हा पावसाळ्यात मोडलेल्या हाडाला "ऊन घे" हा सल्ला मावळात तरी निम्माच उपयोगी आहे. उरलेलं काम गोळीनंच करायचं, आणि त्यात कमीपणा मानायचा नाही.

पण हे डी करतं तरी काय, ते सांगते. उन्हातले विशिष्ट अतिनील किरण कातडीवर पडले की तिथल्या एका चरबीसारख्या द्रव्यापासून डी तयार होतं. ते यकृतात जातं, तिथे त्याचं रूप बदलतं. रक्ततपासणीत मोजतात ते हेच रूप. मग ते मूत्रपिंडात जातं आणि तिथे कामाला लागायच्या रूपात येतं. त्याचं मुख्य काम एकच, आतड्यातून कॅल्शियम उचलून रक्तात पोचवणं. तू लग्नाची पंगत बघितलीस ना? मागे आचाऱ्यानं पातेली भरून ठेवलीत, पण वाढपीच नसला तर पंगत रिकाम्या पानांवर बसून राहते. डी म्हणजे तो वाढपी. डी पुरेसं असेल तर खाल्लेल्या कॅल्शियममधलं साधारण ३० ते ४० टक्के अंगी लागतं. नसेल तर जेमतेम १० ते १५ टक्के. म्हणून नुसत्या कॅल्शियमच्या गोळ्यांचा रतीब घालून भागत नाही.

आणि रक्तातलं कॅल्शियम कमी पडलं तर शरीर गप्प बसत नाही. हृदय, स्नायू, मज्जातंतू यांना ते लागतंच. मग गळ्यातल्या छोट्या ग्रंथी एक संप्रेरक सोडतात आणि कॅल्शियम सरळ हाडांतून काढलं जातं. म्हणजे इकडे घोट्याला नवं हाड बांधायचंय आणि तिकडे बाकीच्या हाडांतून उचल चालू. खरं सांगू का, डॉक्टरांनी तुझं डी तपासलं ते यासाठीच.

आता घोट्यात काय चाललंय ते ऐक. पहिल्या दिवसांत मोडलेल्या जागी रक्त गोठतं, सूज येते. ही सूज कामाची असते, सफाईला आणि दुरुस्तीला पेशी तिथे गोळा होत असतात. मग दोन-तीन आठवड्यांत दोन्ही टोकांमध्ये एक मऊ जोड तयार होतो. तो मुख्यतः प्रथिनांचा असतो. त्यानंतर त्यात कॅल्शियम आणि फॉस्फरस भरून तो कडक होत जातो. डीची खरी गरज पडते ती इथे. त्यापुढे महिनोन्महिने, कधी वर्षभराहूनही जास्त, शरीर त्या जोडाला घासूनपुसून मूळ आकारात आणत राहतं. साधारण सहा आठवडे प्लास्टर, मग हळूहळू भार देणं, आणि नेहमीसारखं चालायला तीनेक महिने, असा घोट्याचा ढोबळ हिशोब असतो. तुझा हिशोब तुझे डॉक्टर एक्स-रे बघून सांगतील. संध्याकाळी पाय सुजणं त्यानंतरही बरेच दिवस चालतं, तेव्हा घाबरायचं नाही.

हाडाखेरीज मांस आणि कातडी भरायलाही डी लागतं. जखम झाली की तिथल्या पेशी स्वतःच डीला कामाच्या रूपात आणतात आणि त्याच्या मदतीनं जंतू मारणारं एक प्रथिन तयार करतात. हे संशोधन २००७ मध्ये प्रसिद्ध झालं. स्नायूंचंही तसंच. डी फार कमी असलं की मांड्या आणि कंबरेभोवतीचे स्नायू दुबळे होतात. खाली बसलं की हात टेकल्याशिवाय उठता येत नाही, जिना चढताना पाय भरून येतात. पडायच्या आधी तुला असं होत होतं का, आठव जरा. होत असेल तर डॉक्टरांना सांग. "बाई म्हटल्यावर पाय दुखायचेच" म्हणून सोडून देऊ नकोस.

पण आता लगेच डबल डोस घ्यायला निघू नकोस! डी कमी असताना भरून काढणं वेगळं, आणि पुरेसं असताना वर ओतत राहणं वेगळं. अमेरिकेत २५,८७१ लोकांवर पाचेक वर्षं एक मोठी चाचणी झाली. रोज २,००० युनिट डी दिलं. २०२२ मध्ये निकाल आला, तर सर्वसाधारण निरोगी माणसांची हाडं मोडायचं प्रमाण त्यानं कमी झालं नाही. मोडलेलं हाड जास्त डीनं झटपट जुळतं, असाही ठोस पुरावा हाती नाही. म्हणून माझं एवढंच म्हणणं आहे: खड्डा भर, डोंगर रचू नकोस.

त्या रिपोर्टचंही तसंच. नॅनोग्रॅममध्ये २० च्या खाली असेल तर कमतरता धरतात. काही प्रयोगशाळा दुसऱ्या एककात आकडा देतात, तो अडीचपट मोठा दिसतो, म्हणजे तिथले ५० हे आपले २०. शेजारणीच्या रिपोर्टशी तुलना करण्याआधी एकक बघ. अनेक रिपोर्टांवर ३० च्या खालचं सगळं ठळक छापतात, पण हाडांसाठी २० च्या वर बहुतेकांचं भागतं. २०२४ मध्ये तर अमेरिकेच्या एंडोक्राइन सोसायटीनं आपलाच जुना ३० चा आग्रह सोडून दिला आणि निरोगी माणसांनी ऊठसूट ही तपासणी करू नये असंही म्हटलं. तुझं हाड मोडलंय, म्हणून तुझी गोष्ट वेगळी. पण घरातल्या सगळ्यांना रांगेत उभं करून रक्त द्यायला लावू नकोस म्हणजे झालं.

आता गोळी. आपल्याकडे बहुधा ६०,००० युनिटची कॅप्सूल किंवा पुडी देतात, आठवड्यातून एकदा, सहा ते आठ आठवडे. पुढे डॉक्टर सांगतील तसा छोटा डोस. इथे डोळ्यांत तेल घालून लक्ष दे. ही गोळी आठवड्याची आहे, रोजची नाही. घराघरांत हाच घोटाळा होतो. पाकिटात चार गोळ्या दिसल्या की कुणीतरी चार दिवसांत संपवून मोकळं होतं. तुमच्या गावच्या आठवडे बाजाराचा वार पक्का कर आणि कालनिर्णयवर त्या वाराभोवती पेनानं गोल काढून ठेव. गोळी जेवणानंतर घे, कारण डी चरबीत विरघळतं. भातावर चमचाभर तूप असलं की पुरे. उपासाच्या दिवशी रिकाम्या पोटी घेऊन तसा फायदा होत नाही.

आणि त्या समोरच्या काकूंच्या इंजेक्शनचं मनातून काढून टाक. मोठ्या डोसचं इंजेक्शन कधी द्यायचं ते डॉक्टर ठरवतील, काकू नाही. डी जास्त झालं तर लघवीवाटे निघून जात नाही, अंगात साठतं. मग रक्तात कॅल्शियम वाढून मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठ, सारखी तहान, वारंवार लघवी, गुंगी असं सुरू होतं आणि मूत्रपिंडावर ताण येतो. मुतखडा, मूत्रपिंडाचा आजार किंवा क्षय झालेला असेल, फिटच्या किंवा स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील, तर डोस घेण्याआधी डॉक्टरांना सांगच. त्यांना आपण होऊन विचारायला वेळ मिळत नाही कधी कधी, म्हणून आपण तोंड उघडायचं. सगळ्या औषधांची पाकिटं एका पिशवीत घालून न्यायची, नावं आठवत बसायचं नाही.

कॅल्शियमची गोळी दिली असेल तर ती एकदम मोठी घेण्यापेक्षा दोनदा विभागून घेतलेली बरी. साधी कॅल्शियम कार्बोनेटची असेल तर जेवणाबरोबर घे. लोहाच्या गोळीबरोबर ती घेऊ नकोस, दोघींचं एकमेकींशी पटत नाही. आणि थायरॉइडची गोळी चालू असेल तर तिच्यात आणि कॅल्शियममध्ये चार तासांचं अंतर ठेव. मी एकेकाळी सगळ्या गोळ्या एका मुठीत घेऊन चहाच्या घोटाबरोबर ढकलायची आणि वर म्हणायची, मला औषध लागूच पडत नाही! लागू कसं पडणार?

पाऊस उघडला की मात्र ऊन सोडू नकोस. नवरात्र-दिवाळीच्या दिवसांत मावळातलं ऊन कसं स्वच्छ असतं! पण कोणतं ऊन, ते ऐक. सकाळी सातचं कोवळं ऊन अंगाला छान वाटतं, पण ते तिरपं येतं आणि डी बनवणारे किरण हवेतच अडतात. साधी खूण सांगते. तुझी सावली तुझ्या उंचीपेक्षा आखूड असेल तेव्हाचं ऊन कामाचं. म्हणजे साधारण सकाळी अकरा ते दुपारी दोन. पंधरा-वीस मिनिटांपासून सुरू कर, अर्ध्या तासापर्यंत ने, आठवड्यातून तीन-चारदा. चेहरा झाकून दंड, पोटऱ्या, पाठ उघडी ठेवता आली तर उत्तम. संकोच वाटत असेल तर मागचं परस किंवा गच्ची बघ, दोघीतिघी मैत्रिणी मिळून बसा. कातडी लाल होईपर्यंत किंवा चटका बसेपर्यंत थांबायचं नाही. आणि ऊन काचेआडून घेऊ नकोस, काच हे किरण अडवते. मी स्वतः काचबंद गॅलरीत खुर्ची टाकून मोठ्या थाटात बसायची. डी मिळालं नाहीच, गॅलरीचे पडदे तेवढे विटले.

एक विसरू नकोस. ऑपरेशन होऊन टाके पडले असतील तर ताजा व्रण उन्हापासून झाकून ठेव. नाहीतर तो काळवंडतो आणि मग वर्षभर त्याच्याकडे बघत हळहळत बसशील.

खाण्याचं बघू. डी अन्नातून फार मिळत नाही. एका अंड्यात साधारण ४० युनिट, आणि ते पिवळ्या बलकात. मोठ्या माणसाला रोज ६०० युनिट लागतात असं आपल्याकडच्या पोषणतज्ज्ञांनी २०२० मध्ये ठरवलंय. आता तू हिशोब कर, रोज पंधरा अंडी खाणार आहेस का? तारली, बांगडा यांसारख्या तेलकट माशांत बरं मिळतं. दुधाच्या आणि तेलाच्या पिशवीवर निळं '+एफ' असं चिन्ह दिसलं तर त्यात अ आणि ड जीवनसत्त्व घातलेलं असतं. तेवढाच हातभार.

पण कॅल्शियम आणि प्रथिनं मात्र तुझ्या स्वयंपाकघरातच आहेत. नाचणीच्या १०० ग्रॅम पिठात साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, आणि मोठ्या बाईची रोजची गरज १,००० मिलिग्रॅमची. नाचणीची भाकरी, आंबील, दही-ताक, तिळाची चटणी, राजगिऱ्याचा लाडू, चालत असेल तर सुकट-जवळा. आणि डाळ पातळ करू नकोस गं! हाडाचा तो पहिला मऊ जोड प्रथिनांचा असतो, विसरलीस का? आपला इंद्रायणी भात कितीही सुवासिक असला तरी नुसता भात आणि वर पाण्यासारखं वरण यानं भागणार नाही. मटकी, हरभरा, अंडं, पनीर, मासा, जे घरात होतं ते प्रत्येक जेवणात असू दे. जोडीला आवळा, पेरू, लिंबू. सगळ्यांना वाढून उरलेलं खायची सवय निदान हाड जुळेपर्यंत बंद. तुझं ताट आधी वाढून घ्यायचं. हुकूम आहे माझा.

आता नाजूक विषय. मशेरी लावतेस का? मला खोटं सांगू नकोस, मी रागावणार नाही. तंबाखू कुठल्याही रूपात घेतली की रक्तवाहिन्या आकसतात आणि हाड जुळायला उशीर होतो. आठवड्याला महागाची गोळी घ्यायची आणि रोज सकाळी मशेरीनं तिचं काम बिघडवायचं, हा कुठला हिशोब? एकदम सुटत नसेल तर डॉक्टरांकडे मदत माग, लाजू नकोस. आणि साखरेचा आजार असेल तर साखर ताब्यात ठेव, जखम भरायला तीही आडवी येते.

गावातून कुणी हाडवैद्याचं नाव सुचवेलच. त्यांच्या हाताला गुण असेल, पण प्लास्टर काढून वर घट्ट पट्टी बांधू द्यायची नाही. रक्तपुरवठा थांबला तर पाय गमवायची वेळ येते. हाड जुळावं म्हणून कांडवेल पोटात घ्यायची असेल तर आधी डॉक्टरांना विचार. लोणावळ्यात १९२४ पासून कैवल्यधाम ही योगसंस्था आहे, योगाचं आपल्याकडे कुणाला नवल नाही. पण हाड जुळल्याचं डॉक्टर म्हणेपर्यंत घोट्यावर भार येणारी आसनं नकोत. तोवर बोटं हलव, मांडीचा स्नायू आवळून सोड, श्वासाचे व्यायाम कर. प्लास्टर निघाल्यावर फिजिओथेरपी मात्र चुकवू नकोस. डी आणि दूध कितीही घेतलंस तरी न हलवलेला स्नायू आपोआप भरून येत नाही.

हे पुढचं घरातल्या सगळ्यांना वाचून दाखव. पायाची बोटं निळी किंवा पांढरीफटक पडली, बधिर झाली, गोळी घेऊनही दुखणं वाढतच गेलं, प्लास्टरमधून वास किंवा पाणी आलं, ताप भरला, पोटरी सुजून दुखायला लागली, किंवा एकदम धाप लागली, तर "उद्या बघू" म्हणायचं नाही. त्याच दिवशी, त्याच घटकेला दवाखाना गाठायचा. घाटात धुकं असतं, शनिवार-रविवारी पर्यटकांच्या गाड्यांनी रस्ता तुंबलेला असतो, तेव्हा रुग्णवाहिकेचा १०८ नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेव.

आणि बघ, सासूबाईंनाही जरा न्याहाळ. साठीच्या पुढची बाई उभ्या उभ्या साधी पडली आणि मनगट किंवा कंबर मोडली, तर ते नुसतं नशीब म्हणून सोडायचं नसतं. हाडं विरळ झाली असतील, घनता तपासून घ्यावी लागते, आणि त्यावर औषधं आहेत. त्या पडायची वाट कशाला बघायची? पायरीवरचं शेवाळ ब्लीचिंग पावडर टाकून घासून घ्यायला लाव, न्हाणीत धरायला दांडी बसवायला सांग.

"घासून घ्यायला लाव" म्हटलं हं मी, "घास" नाही म्हटलं. खरं सांगू का, तुझं हाड जुळायला सगळ्यात मोठी अडचण डी नाही, तू स्वतः आहेस. तुला कुणाला काम सांगायला जमत नाही. पोरं कुकर लावायला शिकतील, नवरा डबा भरेल, भाकरी जाड झाली तर जाडच खातील. लावणी भाऊबंद उरकतील, पुढच्या वर्षी तू त्यांच्या शेतात दोन दिवस जास्त जाशील, फिटंफाट. तू फक्त चार कामं करायची: ठरल्या वारी गोळी, पोटभर जेवण, सांगितलेले व्यायाम आणि दिलेल्या तारखेला एक्स-रे. ते झालं की पुढच्या वेळी डॉक्टरांना विचार, डी पुन्हा कधी तपासायचं आणि गोळी कधी थांबवायची. हे दोन प्रश्न आत्ताच त्या रिपोर्टच्या मागे लिहून ठेव, दवाखान्यात गेलं की आपल्याला काही आठवत नाही. आणि लिहिताना पाय खाली सोडून बसू नकोस, दोन उशा घे आणि वर ठेव आधी!